राकसकोपचा गरुड आणि मिसिसिपीचा

वाचकांचे प्रश्न : पाणी आणि पाखरं

संक्रांत झाली की ह्या सदराकडे पत्रं वाढतात. भात झोडून झालेलं असतं, मसूर-वाटाणा रानात उभा असतो, माणसाला मान वर करून बघायला थोडी फुरसत मिळते. ह्या वेळी गरुडांचीच पत्रं जास्त आली, त्यामुळे बगळेवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी पक्षितज्ज्ञ नव्हे. धरणावर गेज वाचायची नोकरी केली. पट्टीवरचा आकडा वहीत चढवायचा, की पुढच्या आकड्यापर्यंत समोर पाणी आणि पाखरं. एकदा वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात मी ‘आज गरुड आला’ असं लिहून ठेवलं. साहेबांनी लाल शाईनं खाली लिहिलं, ‘पातळी लिहावी. पुराण नको.’ तेव्हापासून पाखरांची वही वेगळी केली.

प्रश्न : संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी राकसकोप जलाशयाकाठी वाळक्या झाडावर पांढऱ्या डोक्याचा, तपकिरी अंगाचा पक्षी बसलेला दिसला. आतेभावानं फोटो बघून सांगितलं की हा अमेरिकेचा बाल्ड ईगल. फोटो सगळ्या पश्चिम भागात फिरला. पेपरात बातमी द्यावी का?
— एक वाचक, बेळगुंदी

देऊ नका. फोटो बघितला. ही आपली ब्राह्मणी घार आहे. तुमचे आतेभाऊ चुकले, खरं त्यांच्यावर हसू नका, ती चूक करायला माणसानं पक्षी नीट बघितलेला असावा लागतो. न बघणारा ‘घार’ म्हणून पुढं जातो.

आता फोटो परत उघडा आणि डोकं सोडून बाकीचं बघा. पांढरा रंग मानेवर थांबलाय का? नाही, तो छातीवर उतरलाय. त्याखाली पोट, पाठ, पंख सगळं पक्क्या भाजलेल्या विटेच्या रंगाचं. शेपटी पण विटकरीच. बाल्ड ईगलचं उलटं असतं. डोकं-मान पांढरी, शेपटी पांढरी आणि मधलं सगळं अंग, छातीसकट, काळपट तपकिरी. चोच पिवळीधमक आणि तोंडाच्या मानानं एवढी मोठी, की दुसऱ्या कुणाची उसनी आणून बसवल्यासारखी वाटते. ब्राह्मणी घारीची चोच लहान, फिकट राखी.

आकाराचं तर विचारूच नका. बाल्ड ईगलचे पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास, वजन तीन ते सहा किलो. ब्राह्मणी घार भरली तर अर्धा-पाऊण किलो. एकट्या फांदीवर बसलेल्या पाखराचा आकार मात्र डोळ्याला कळत नाही, शेजारी मापाला काही नसतं. म्हणून मी आकारावरून कधी नाव सांगत नाही.

बाल्ड ईगल उत्तर अमेरिकेचा. हिवाळ्यात तो अलास्का-कॅनडाकडून खाली सरकतो, तो अमेरिकेतच. समुद्र ओलांडून बेळगावला येत नाही.

आपल्याकडे हिवाळ्यात पाण्यावर पांढऱ्या डोक्याचा घोळ घालणारे आणखी दोन पाहुणे आहेत. एक ऑस्प्रे, म्हणजे मासेमार घार. पोट पांढरं, पाठ तपकिरी, आणि डोळ्यातून मानेकडे गेलेला काळा पट्टा, काजळ पुसताना ओघळावं तसा. दुसरी दलदल भोवत्याची मादी. ती सगळी गडद तपकिरी, फक्त टाळू आणि गळा सायीच्या रंगाचा. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेले ‘बेळगावातले बाल्ड ईगल’ ह्या तिघांतलेच निघाले.

आणि एक. आपल्या कानडी शेजाऱ्यांना विचारलं असतं तर उत्तर तिथंच मिळालं असतं. ते ब्राह्मणी घारीलाच गरुड म्हणतात, साध्या घारीला हद्दू. कानडी म्हातारी माणसं तिला बघून हात जोडतात. तेव्हा तुम्ही गरुड बघितला हे काही खोटं नाही.

प्रश्न : बाल्ड म्हणजे टकला ना? मग मराठीत ‘टकला गरुड’ म्हणायचं का?
— सातवीतला विद्यार्थी, खानापूर

त्याच्या डोक्यावर भरगच्च पिसं आहेत, तुझ्या माझ्यापेक्षा जास्त. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाला पांढरा, पांढऱ्या ठिपक्याचा असा अर्थ होता, तो नावात राहून गेला. मराठीत पांढऱ्या डोक्याचा गरुड म्हण. आमच्या घरात त्याचं नाव ‘पटकेवाला’ आहे. ते का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मुलगा आयोवा राज्यात डेव्हनपोर्टला असतो. येत्या जानेवारीत आम्ही दोघं जाणार. तिथं नदीवर खूप गरुड जमतात म्हणे. साठी उलटलेल्या माणसांना त्या थंडीत बघायला जमेल का? कुठं आणि कधी जावं?
— एक वाचिका, निपाणी

ताई, तुमचं पत्र वाचून मी दोनदा चहा केला. आमची मुलगी त्याच भागात होती तेव्हा आम्ही दोघांनी एक हिवाळा तिथं काढलाय, त्यामुळे ह्या उत्तराला जरा जागा लागणार.

डेव्हनपोर्टहून नदीच्या वरच्या अंगाला, ले क्लेअर गावाच्या अलीकडे, मिसिसिपीवर चौदा नंबरचा बांध आहे. तिथं ह्याला ‘लॉक अँड डॅम’ म्हणतात. हे आपल्या हिडकलसारखं धरण नव्हे. हिडकल पाणी साठवतं, पावसाळ्यात २१७५ फुटांच्या भरल्या पातळीकडे डोळे लावून बसतं आणि मग वर्षभर कालव्याला देतं. मिसिसिपीवरचे हे बांध बार्जसाठी, म्हणजे माल नेणाऱ्या सपाट बोटींसाठी. नदीत नऊ फूट खोल वाट राहावी म्हणून १९३० च्या दशकात एकामागोमाग एक बांधले, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. साठा असा नाहीच, आलेलं पाणी दरवाज्यांखालून पुढं.

आणि गरुडांची सगळी गंमत त्या दरवाज्यांखाली आहे. जानेवारीत वरचं पाणी गोठून पांढरं होतं, माणूस त्यावर चालतो. बांधाच्या खाली मात्र पाणी घुसळत असतं, ते गोठत नाही. मैलोन्‌मैल बर्फ आणि मध्ये काळ्या पाण्याचा एक तुकडा. मासा खाणाऱ्या पाखराला दुसरीकडे जायला जागाच नाही. त्यात तिथं शाड नावाचा चांदीसारखा मासा असतो, त्याला थंडी सोसत नाही, अर्धमेला होऊन वर तरंगतो. म्हणजे ताट वाढलेलं आणि जेवणारे गावोगावहून आलेले.

आम्ही गेलो त्या सकाळी उणे पंधरा होतं. जावई म्हणाले, गाडीतच बसा. मला वाटलं, आमची काळजी. तसं नव्हतं. गाडी हाच तिथला आडोसा आहे. गरुड गाडीला भीत नाही, दोन पायांवर उभ्या माणसाला भितो. काच खाली करून बसलो. पलीकडे कॉटनवुडची उंच, निष्पर्ण झाडं. हिनं विचारलं, ‘झाडांना पांढऱ्या पिशव्या कसल्या अडकल्यात?’ मी दुर्बीण लावली. पिशव्या नव्हत्या, डोकी होती. एका झाडावर अकरा मोजली. हातातली दुर्बीण हिनं काढून घेतली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘अगदी आमच्या आप्पांसारखे बसलेत. पटका बांधून, खांदे पाडून.’ निपाणीच्या बाजाराच्या दिवशी बिडी ओढत बसलेली म्हातारी माणसं तुम्हीही बघितली असतील. तेव्हापासून पटकेवाला.

मासा धरताना मात्र म्हातारपण दिसत नाही. फांदीवरून सुटतो, पंख जड हलवत पाण्यापर्यंत येतो, आणि शेवटच्या क्षणी एक पाय, कधी दोन, पुढं टाकून मासा असा उचलतो की अंगाला पाणी लागत नाही. पाण्यात सूर मारायची भानगड नाही. लहान मासा असला तर उडता उडताच मान खाली वाकवून पायातला घास खातो. मोठा असला तर बर्फावर उतरतो, आणि मग भाऊबंदकी सुरू. तिघं-चौघं येतात, ढकलाढकली, पिसं विस्कटतात, आणि ज्यानं कष्ट केले तो कोपऱ्यात उभा. मासा हिसकावणं त्याला धरण्याइतकंच येतं.

त्या भांडणात दोन काळेकरडे, अंगभर पांढरे ठिपके-डाग असलेले पक्षी होते. मी वहीत ‘दुसरी जात’ लिहिलं. चूक. ती त्याच गरुडाची पोरं. डोकं-शेपटी पांढरी व्हायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर ती सगळ्या अंगानं मळकी दिसतात आणि आकारानं आईबापाएवढीच. तेव्हा पटका नसलेला दिसला तर सोडून देऊ नका.

आवाजाची तयारी ठेवा. सिनेमात गरुड दाखवला की जी लांब, चिरत जाणारी किंकाळी ऐकवतात ती त्याची नव्हेच, तिथल्या लाल शेपटीच्या एका ससाण्याची आहे. खरा आवाज बारीक, तुटक, किलबिलाट म्हणावा असला. एवढ्या देहातून तो आला तेव्हा मी मागं वळून बघितलं, कुठं कोंबडीचं पिल्लू आहे का म्हणून.

आता तुमच्या कामाचं. जानेवारी उत्तम, आणि जितकी कडक थंडी तितके गरुड जास्त. उबदार हिवाळ्यात नदी सगळीकडे मोकळी राहते आणि गरुडही सगळीकडे पांगतात. म्हणजे तुमचा मुलगा फोनवर ‘आज फार थंडी आहे, नको’ म्हणेल त्याच दिवशी हट्ट धरा. उजाडल्यापासून दहापर्यंत बघा, पोट भरलं की ते नुसते बसून राहतात. थर्मास, हातमोजे, दोन पायमोजे. गाडीचं दार आपटू नका. झाडाखाली चालत जाऊ नका. बसलेला गरुड तुमच्याकडे मान वळवून बघायला लागला, फांदीवर पाय बदलायला लागला, की तुम्ही फार जवळ आलात. त्याला उडवलं तर त्या थंडीत फुकट खर्च होतो त्याचा, आणि भरपाई मासा मिळेपर्यंत नाही.

आणि पीस उचलू नका! हिनं बर्फात पडलेलं एक हातभर पीस नातवासाठी म्हणून पिशवीत घातलं. शेजारच्या गाडीतला एक म्हातारा दुर्बीण ठेवून खाली उतरला, फार अदबीनं बोलला, खरं ऐकल्यावर आमचे चेहरे पडले. १९४० पासून तिथं कायदा आहे, गळून पडलेलं पीस बाळगणंही गुन्हा. पीस जिथं होतं तिथं परत ठेवलं. तो म्हातारा मग त्याच्या तीन पायांच्या दुर्बिणीतून आम्हाला अर्धा तास गरुड दाखवत बसला. डोळ्याचं बुबुळ फिकट पिवळं असतं, ते मी त्याच्या दुर्बिणीत बघितलं.

मुलाला सुट्टी असेल तर मिनेसोटात वाबाशाला जा, तिथं नदीकाठी गरुडांचं केंद्र आहे, जायबंदी झालेले गरुड हातभर अंतरावरून बघता येतात. अलास्कातल्या चिल्कॅट नदीचं मी फक्त वाचलंय. तिथं जमिनीतून वर येणारं पाणी नदीचा एक पट्टा गोठू देत नाही, उशिरा येणारे सामन मासे त्यात सापडतात, आणि हजारोंनी गरुड उतरतात. बांध नाही, दरवाजा नाही, तरी गोष्ट तीच. आधी न गोठणारं पाणी शोधायचं.

प्रश्न : अमेरिकेत हे गरुड संपत आले होते आणि परत वाढले असं वाचलं. मग आपली गिधाडं का परत दिसत नाहीत?
— एक कॉलेज विद्यार्थिनी, चिकोडी

१९६३ साली, अलास्का सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, गरुडांची घरटी करणारी ४१७ जोडपी मोजली गेली. कारण डीडीटी हे कीटकनाशक. शेतातून पाण्यात, पाण्यातून माशात, माशातून गरुडात. गरुड मरत नव्हता, त्याच्या अंड्याचं कवच पातळ होत होतं आणि उबवायला बसलेल्या आईच्याच वजनानं फुटत होतं. १९७२ ला तिथं डीडीटीवर बंदी आली. २००७ मध्ये गरुड धोक्याच्या यादीतून बाहेर आला, आणि पुढच्या मोजणीत, ती २०२१ ला जाहीर झाली, ७१ हजारांवर जोडपी निघाली. आता त्यांना शिशाचा त्रास आहे. हरणाच्या शिकारीत शिशाची गोळी वापरतात, उरलेलं मढं गरुड खातात.

आपल्या गिधाडांचं विष डायक्लोफेनॅक. गुरांच्या दुखण्याचं औषध. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९० नंतरच्या पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त संपली. गुरांसाठी ह्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटली तीन मिलीवर आणली. ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही गिधाडांना तशीच घातक औषधं गुरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. शिवाय गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. गरुडाची दोन पिल्लं सहज वाढतात. तू बँकेत पैसे ठेवलेत असं समज, एकाला दुप्पट व्याज आणि दुसऱ्याच्या खात्यातून अजून चोरी चालूच.

तुमच्या घरी गुरं असतील तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्या म्हणून सांगा. त्यानं गिधाड मरत नाही. आमच्या गावाबाहेर ढोरं टाकायची जागा होती, तिथल्या शेवरीवर पन्नास-पन्नास गिधाडं बसलेली मी लहानपणी बघितलीत. शेवरी अजून आहे.

प्रश्न : किल्ला तलावावर घारी जवळ याव्यात म्हणून चिकनचे तुकडे टाकले तर चालतील का? फोटो चांगले येतात.
— एक फोटोग्राफर, बेळगाव

नाही.

प्रश्न : अमेरिकेला जाणं आम्हाला जमणार नाही. आपल्या जिल्ह्यात हिवाळ्यात पाण्यावरचे शिकारी पक्षी बघायला कुठं जावं?
— शिक्षक, हुक्केरी

सर, तुम्ही हुक्केरीत राहून हे विचारताय! हिडकल तुमच्या तालुक्यात आहे.

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून हिशोब वेगळा. तिथं पाणी कुठं मोकळं राहतं ते बघायचं, इथं पाणी कुठून मागं हटतं ते. दिवाळीनंतर कालवे सुटले की जलाशयाची कड रोज थोडी खाली सरकते. उघड्या पडलेल्या ओल्या गाळात माणसं गाळपेर करतात, हरभरा टाकतात. त्या पट्ट्यात बेडूक, उंदीर, लहान पाखरं. त्यावर दलदल भोवत्या येतो. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून, डुलत डुलत, एखाद्या तलाठ्यानं बांध मोजत जावं तसा. अचानक हवेत उलटा वळतो आणि खाली पडतो. गवतात पडला की दिसत नाही, वर उठला की पायात काय आहे ते बघा. बहुतेकदा काही नसतं.

घटप्रभेवर धुपदाळचा जुना बंधारा आहे, तिथलं पक्षी अभयारण्य. घटप्रभा स्टेशनला उतरलात की जवळच. तिथं कांड्या करकोचे हिवाळ्यात येतात, आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, उथळ धावत्या पाण्यावर, ब्राह्मणी घारी. राकसकोपला जाणार असाल तर ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे, पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय आत शिरू नका. दुर्बीण घ्यायची तर ८ बाय ४२ ची घ्या, ह्यापेक्षा जास्त ताकदीची हातात थरथरते.

आणि बाल्ड ईगलचा जवळचा नातलग बघायची फारच हौस असेल तर घाट उतरून मालवण-वेंगुर्ल्याला जा. समुद्री गरुड, पोट पांढरं, डोकं पांढरं, पाठ राखी. ते पाखरू किनारा सोडून सहसा वर येत नाही, आपणच खाली जायचं.

ऑस्प्रेसाठी मात्र हिडकलच. ऑक्टोबरात येतो, मार्चअखेर जातो. पाण्यावर उंच एका जागी पंख फडफडवत थांबतो, बाल्ड ईगलसारखा वरवर उचलत नाही, पाय पुढं करून सरळ पाण्यात घुसतो, कधी पार बुडतो. वर आला की ओल्या कुत्र्यासारखा अंग झटकतो आणि मासा पायात फिरवून त्याचं तोंड पुढं करतो, म्हणजे वारा कापायला सोपं.

नोकरीनंतरची गोष्ट. एका वर्षी पाऊस कमी झाला आणि मार्चमध्येच हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर पाण्यातून बरंच वर आलं. ओळखीच्या एका मासेमाराच्या नावेतून आम्ही चाललो होतो. देवळाच्या शिखरावर ऑस्प्रे बसला होता, पायाखाली मासा दाबून. आम्ही वल्हं थांबवलं. तो शांतपणे डोक्याकडून सुरुवात करून खात होता, एकेक तुकडा ओढून, मध्येच मान वर करून आमच्याकडे बघत. शिखरावरून माशाची खवलं पाण्यात पडत होती, उन्हात चमकत. मासेमार माळकरी होता. बराच वेळ बघत राहिला, मग हळूच मला म्हणाला, ‘आज एकादशी. मी जाळं घरात ठेवून आलोय, आणि हा बघा कुठं बसून जेवतोय!’